मागच्या सीटवरची भागीकाकी

भागीकाकीला मोटारसायकल चालवता येत नव्हती. साधी सायकलसुद्धा नाही. पण आमच्या गावातल्या एकूण एक मोटारसायकलवर ती बसलेली होती. तिठ्यावरच्या आंब्याखाली ती भाजीची पाटी घेऊन उभी राहायची आणि गाडीचा आवाज आला की सरळ रस्त्याच्या मधोमध येऊन हात वर करायची. कडेला उभं राहून लाजत-बिजत लिफ्ट मागणं तिच्या गावीच नव्हतं. थांबायचं तर थांबा, नाहीतर म्हातारीला उडवा, असा एकंदर मामला. गाडी थांबली की एका बाजूने बसायची, पाटी मांडीवर घ्यायची, एक हात चालवणाऱ्याच्या खांद्यावर ठेवायची आणि म्हणायची, "चल. तू पुढचं बघ, मागचं मी बघत्ये." मग गाडी चांगली पळायला लागल्यावर विचारायची, "तू जातोस कुठवर?"

आमचं गाव रत्नागिरीपासून आत, सडा म्हणजे वरचा कातळाचा माळ ओलांडून खाली उतरलं की लागतं. एसटी सकाळी एक आणि दुपारी एक, त्यातली दुपारची मनात आलं तर येणार. काकी आठवड्यातून दोनदा रत्नागिरीच्या बाजारात जायची. पावट्याच्या शेंगा, केळफुलं, आमसुलं, पावसाळ्यात रानभाज्या, परड्यात आणि रानात जे मिळेल ते घेऊन. नवरा मुंबईत नोकरीला होता, तो तिकडेच वारला. मुलगा विरारला. घरात ही एकटी. "काकी, एसटीने का नाही जात?" असं कोणी विचारलंच तर उत्तर तयार असायचं, "वाट बघत बसायला मी काय मे महिन्यात आलेली मुंबैची पावणी हाय?"

मी रत्नागिरीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. रोज जाणं-येणं, त्यामुळे काकीचं हक्काचं वाहन म्हणजे मी. इतकी वर्षं लोकांच्या मागे बसून तिला माणसांच्या पाठी ओळखता यायला लागल्या होत्या. कोण पिऊन आलाय, कोणाला बरं नाही, कोणाचं मन थाऱ्यावर नाही, सगळं तिला मागून कळायचं. एकदा मी नुसतं "ये काकी, बस" एवढंच म्हटलं, तेही हसून. थोडं पुढे गेल्यावर म्हणते, "घरात भांडून आलायस."

"तुला कोणी सांगितलं?"

"तोंड हसवता येतं रे. पाठ कशी हसवशील?"

भांडण खरंच झालं होतं, तेही मुलीच्या डब्यावरून, म्हणजे अगदीच फालतू. उतरताना काकीने पाटीतलं एक केळफूल माझ्या हातात कोंबलं. "बायकोला दे. खूष होईल." मी आपला भोळसटासारखा संध्याकाळी ते वैशालीच्या हातात दिलं. केळफूल सोलायला तास लागतो आणि बोटं काळी होतात, हे मला काय माहीत! वैशाली म्हणाली, "भांडण मिटवायला आलात का वाढवायला?" दुसऱ्या खेपेला काकीला हे सांगितलं तर ती इतकी हसली की मला गाडी थांबवायला लागली.

मग माझा अपघात झाला. डिसेंबरातली संध्याकाळ, कामावरून परत येत होतो. सड्यावरून उतरताना ऐनाच्या झाडापाशी एक वळण आहे, तिथे रानडुक्कर आडवं आलं. मांडीचं हाड मोडलं, खांदा निखळला. ऑपरेशन झालं, पायात सळई बसली, मग वॉकर, मग काठी. वैशालीने माझं सगळं केलं आणि मी तिच्यावर सगळा वेळ खेकसत राहिलो. पडून राहिलेला माणूस फार चिडखोर होतो, निदान मी तरी झालो. काकी तेव्हा गावात नव्हती. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं म्हणून मुलगा तिला विरारला घेऊन गेला होता.

पावसाळा सरला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता गाडी चालवायला हरकत नाही. त्यांचं काय जातंय म्हणायला! दुरुस्त होऊन आलेली गाडी पडवीत उभी होती. मी रोज तिच्यावरची धूळ पुसायचो आणि एसटीने कामाला जायचो. शेवटी एका रविवारी चालू केली. तिठ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. मग दर रविवारी वरच्या वाडीपर्यंत एक फेरी मारायला लागलो. तिकडचा रस्ता सरळ होता, वळणाच्या उलट्या दिशेचा. वळणाकडे मी फिरकत नव्हतो.

पण मला खरं लागलं ते वेगळंच. आमच्याकडे रिकामी सीट दिसली की माणूस हात करतो, ही रीतच आहे. मी तिठ्यावरून जायला लागलो की लोकांचे हात वर येईनात. कोणी खिशात मोबाईल शोधायचं, कोणी दगडी गडग्यापलीकडच्या काजूंकडे टक लावून बघायचं. एक जण तर मला बघून चपलेतला खडा काढायला खाली बसला. आणि घरी वैशालीने एकदाच, शांतपणे सांगितलं, "तुम्ही हवं तिकडे फिरा. पण मुग्धाला मागे बसवायचं नाही." मुग्धा आमची मुलगी. पूर्वी ती शाळेत माझ्याच मागे बसून जायची. वैशालीचं काही चुकलं नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं. ज्याच्या मागे आपलं पोरसुद्धा बसू शकत नाही, त्याने गाडी चालवायची तरी कशाला? विकून टाकावी, असं मी ठरवत आणलं होतं. गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं.

अशात एका रविवारी तिठ्यावर गाडी वळवतोय, तर रस्त्याच्या मधोमध भागीकाकी. हात वर. डोळ्यांना काळा चष्मा.

मी थांबलो. आंब्याखाली एसटीसाठी उभी असलेली माणसं आमच्याकडे बघायला लागली.

"काकी, तू विरारला होतीस," मी हळूच म्हटलं. "तुला कळलं नसेल. मी पडलो होतो."

"विरारला फोन नाय काय? दुसऱ्या दिवशी कळलं. पाय जोडला ना डाक्टरनं?"

"जोडला."

"मग सरक पुढं. पाटीला जागा नाय ऱ्हात."

"अगं, मी रत्नागिरीला नाही चाललो. इथेच एक फेरी मारून परत येतोय."

"मग आजची फेरी रत्नागिरीवरनं मार."

मागून कोणीतरी म्हणालं, "काकी, एसटी येईल आता." त्यावर ही वळूनसुद्धा न बघता म्हणाली, "येईल तेव्हा तुम्ही जा." आणि बसली. एवढ्या लोकांदेखत तिला उतर म्हणायची मला लाज वाटली, म्हणून मी निघालो. दुसरं काही कारण नव्हतं. शूरपणा तर अजिबात नाही.

चढ लागला आणि माझा शर्ट घामाने भिजला. वळणाच्या अलीकडे मी गाडी थांबवली. पुढे जाणं शक्यच नव्हतं. म्हटलं, "काकी, तू उतर. एवढं वळण चालत ये. मी पलीकडे तुला परत घेतो."

"का?"

आणि मग मी तिला ते सांगितलं, जे डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, वैशालीलाही नाही. हाड मोडलं त्याचं मला एवढं वाटत नव्हतं. मी गटारात पडलो होतो. गाडीचा दिवा वर झाडीत चालू होता. वरून दोन गाड्या गेल्या. मी जीव खाऊन ओरडलो. एका गाडीत गाणी लागली होती, ती मला ऐकू आली, पण माझा आवाज त्यांना गेला नाही. शेवटी दुधाच्या टेम्पोवाल्याला दिवा दिसला म्हणून वाचलो. "मी एकटा पडलो होतो गं काकी," मी म्हटलं. "मला वाटलं, आता असाच जाणार आणि सकाळी कोणालातरी सापडणार."

काकीने मांडीवरची पाटी सावरली. मला वाटलं, आता उतरेल. तर म्हणते, "माझे गुडघे दुखत्यात. मना नाय चालवत."

"अगं, चार पावलं तर आहेत! पाटी राहू दे गाडीवर."

"उतरले तर परत चढायला जमायचं नाय."

मला अस्सा राग आला! "काकी, तुला समजत कसं नाही? मी पडलो तर तुझं काय होईल?"

"मेल्या, म्हातारीला चालवतोस? तू पुढचं बघ. मागचं मी बघत्ये." आणि खांद्यावरचा हात तिने जरा दाबला. मागून जीप आली आणि हॉर्न वाजवायला लागली. रागारागात मी पहिला गिअर टाकला.

वळण कसं गेलं ते मला आजही सांगता येणार नाही. पलीकडे रस्ताभर शेळ्या पसरल्या होत्या. मी जोरजोरात हॉर्न वाजवला आणि त्या शेळ्यांना पोटभर शिव्या घातल्या. काकी मागून म्हणाली, "आता बरा झालास."

संध्याकाळी मीच तिला परत आणलं. तिठ्यावर उतरल्या उतरल्या तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "गाडी बरी चालवतो हो हा. पहिल्यापेक्षा हळू चालवतो." दुसऱ्या दिवसापासून मी गाडीने कामाला जायला लागलो. त्याच आठवड्यात तिठ्यावर पहिला हात वर झाला, चपलेतला खडा काढणाऱ्याचाच. मी त्याला घेतलं आणि रस्ताभर एक अक्षर बोललो नाही. तेवढा माझा स्वभाव राहिलाच.

मग एका सकाळी मी गाडी काढतोय तर मुग्धा गणवेश घालून, दप्तर लावून गाडीजवळ उभी. वैशालीने तिच्या डोक्यावर हेल्मेट घातलं, पट्टा दोनदा ओढून बघितला आणि मला म्हणाली, "हळू जा." मुग्धा शाळेपर्यंत तिच्या बाईंची नक्कल करत होती आणि मी हेल्मेटच्या आत रडत होतो.

काकीने आणखी दोनेक वर्षं अशी काढली. मग तिला दम लागायला लागला आणि मुलगा तिला कायमची घेऊन गेला. पुढच्या गणपतीला येईन म्हणाली होती, पण त्याआधीच गेली. मुलाचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. ताट तसंच ठेवून उठलो. आई सोडून माझ्यावर जीव टाकणारं माणूस मला ती एकच मिळाली, आणि ते मला फार उशिरा, ती गाव सोडून जाताना कळलं.

ती विरारला निघाली त्या दिवशी तिला रत्नागिरी स्टेशनवर मीच पोचवलं. सामान घेऊन मुलगा रिक्षाने पुढे गेला होता, ही माझ्या मागे. गाडी लेट होती. मुलगा पाणी आणायला गेला आणि आम्ही दोघं बाकावर बसून राहिलो. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "गुडघे कसे आहेत तुझे? विरारला जिने फार असतील."

"गुडघ्यांना काय धाड भरल्ये? दम लागतो. गुडघे बरे हायत."

"मग तेव्हा वळणावर दुखत होते ते?"

"कुठले दुखत्यात! खोटं बोलले."

"मग उतरली का नाहीस? तुला भीती नाही वाटली?"

"वाटली नाय तर काय! तुझी पाठ घामानं भिजलेली दिसत नव्हती काय मना?" तिने पदराने चष्मा पुसला आणि गाडी येते का बघितलं. मग म्हणाली, "पण तू म्हणालास ना, एकटा पडलो होतो म्हणून. म्हटलं, आता पडलाच, तर सोबतीला कोण तरी हवं."