बिलाखालची ओळ

अकरा जूनला चष्म्याच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला तेवीस हजार पाचशे रुपयांचे बिल निघाले. गिऱ्हाइकाने चष्म्याची एक काडी बदलून घेतली होती. काडीचे होतात दोनशे पस्तीस. गिऱ्हाईक भला माणूस होता. त्याने बिल एकदा वाचले, नवी काडी बसवलेला चष्मा पुसून पुन्हा वाचले, आणि मग मालकीणबाईंना विचारले की यात दुकानही मिळणार आहे का.

मालकीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी हाताने बिल लिहून दिले आणि थेट आपल्या भाऊजींना, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, फोन लावला. बिलाचा प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला होता.

भाऊजींना सगळे चाळणीसाहेब म्हणत. तोंडावर नव्हे. ते पंपांच्या कारखान्यात हिशेब खात्याचे कॉम्प्युटर सांभाळत, पण ते झाले पोटापाण्याचे काम. खरे काम घरी, जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर चाले. उरलेल्या अर्ध्यावर घरची माणसे जेवत. बारा वर्षांपूर्वी त्यांनी छोटी दुकाने आणि दवाखाने यांच्यासाठी बिले करण्याचा एक प्रोग्राम लिहिला आणि तो सर्वांना खुला केला. खुला म्हणजे कुणीही फुकट वापरावा, आतला कोड वाचावा, काही सुधारणा सुचली तर ती करून पाठवावी. पाठवलेला बदल लगेच आत जात नाही. दुसऱ्या कुणीतरी तो ओळीओळीने वाचायचा, शंका लिहायच्या, समाधान झाले की मंजुरी द्यायची. याला रिव्ह्यू म्हणतात. जगभर याच पद्धतीने मोठमोठी कामे चालतात. चाळणीसाहेबांकडे याच पद्धतीने ती थांबत.

एका विद्यार्थ्याने तारखेतली एक चूक दुरुस्त करून पाठवली होती. साहेबांनी कळवले की बदलाचे शीर्षक पन्नास अक्षरांच्या वर गेले आहे. त्याने शीर्षक छाटले, तर ते आता त्रोटक वाटू लागले. त्याने खाली खुलासा जोडला, तेव्हा साहेबांना एका ओळीच्या शेवटी सुटलेली मोकळी जागा दिसली. पोरगा परीक्षा देऊन, नोकरीला लागून, लग्न करून मोकळा झाला. दुरुस्ती अजून तिथेच आहे. बँकेतल्या एका गृहस्थांचे असेच काही महिने गेले. मग त्यांनी प्रोग्रामची प्रत उचलली आणि शेजारी स्वतःचे वेगळे बिऱ्हाड मांडले. आज त्यांच्याकडे जास्त माणसे आहेत. साहेबांच्या मते तिकडे शिस्त नाही.

मेव्हणीचा बदल त्याच रांगेत गेल्या हिवाळ्यापासून उभा होता. चष्म्याचे दुकान काढण्याआधी तिने प्रोग्रामिंगचा रीतसर अभ्यासक्रम केला होता, त्यामुळे तिला कोड वाचता येई आणि, साहेबांच्या दृष्टीने त्याहून वाईट म्हणजे, बोलताही येई. तिने सुचवलेला बदल एका ओळीचा होता. प्रत्येक बिलाच्या तळाशी साहेबांचे संपूर्ण नाव, त्यापुढे पदवी, आणि ‘मूळ रचना व देखभाल’ असे छापले जाई. बिलाच्या नेहमीच्या कागदावर ही ओळ मावत नसे. मग प्रिंटर दुसरा कागद ओढून घेई आणि त्यावर फक्त साहेबांचे नाव छापून बाहेर टाकी. मेव्हणीचे म्हणणे, ही ओळ काढावी, निम्मा कागद वाचेल.

साहेबांनी त्या बदलावर जितके लिहिले तितके स्वतःच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर कधी लिहिले नव्हते. शीर्षक लांब आहे. वर्णन अपुरे आहे. टेस्ट, म्हणजे बदल नीट चालतो हे पडताळणारा तुकडा, जोडलेली नाही. टेस्ट जोडली, तर तिचे नाव समर्पक नाही. ओळ का राहू द्यायची, हे मात्र त्यांनी एकदाही लिहिले नाही. बायकोने एकदा वाढता वाढता सुनावले होते, “अहो, ती तुमच्याशी नीट बोलते आणि तुम्ही तिचा रिव्ह्यू करता.” साहेबांनी ताट पुढे ओढून घेतले.

असे सगळे सुखाने थांबलेले असताना दैव उघडले. गावोगावी दवाखाने चालवणाऱ्या एका मोठ्या संस्थेने हा प्रोग्राम घ्यायचे मनावर घेतले. एकाच वेळी अठ्ठावीस दवाखाने. रोज शेकडो बिले, आणि प्रत्येकाखाली ती ओळ. कारखान्यात बावीस वर्षे काढून साहेबांचे नाव एका दाराच्या पाटीवरही आले नव्हते. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

संस्थेच्या तपासनीसबाई काटेकोर होत्या. त्यांनी अट घातली की कुणालाही स्वतःचा बदल स्वतः मंजूर करता येऊ नये, अगदी मूळ लेखकालासुद्धा. प्रोग्रामच्या सगळ्या नोंदी खुल्या असतात. येत्या शुक्रवारी बाई त्या नोंदी पाहून होकार किंवा नकार कळवणार होत्या. आजवर हा नियम इतरांना होता, साहेबांना नव्हता. त्यांनी मोठ्या मनाने तो स्वतःलाही लावायचे ठरवले. मात्र स्वतःच्या मंजुरीला हे कुलूप घालण्याआधी जाता जाता थोडी झाडलोट केली. रकमेच्या हिशेबातल्या दोन ओळी त्यांच्या डोळ्यांना वेड्यावाकड्या दिसत होत्या, त्या नीट लावल्या. स्वतःच मंजूर केल्या. टेस्ट जोडली नाही. एवढ्याशा कामाला काय टेस्ट. मग नियमाचे कुलूप घातले आणि नवी आवृत्ती बाहेर सोडली. ती सगळ्यात आधी घेतली चष्म्याच्या दुकानाने, कारण मेव्हणीला वाटले, आपला बदल एकदाचा आत गेला असेल.

नीट लावलेल्या ओळींनी रुपयांचे आधी पैसे केले आणि ते पुन्हा रुपये म्हणून छापले. प्रत्येक रक्कम शंभरपट.

फोन ठेवल्यावर साहेबांनी जेवणाची सुट्टी होईपर्यंत चूक शोधली, दुरुस्त केली आणि मंजुरीच्या बटणावर गेले. बटण दाबले जाईना. स्वतः घातलेले कुलूप चोख बसले होते. ते काढता आले असते, पण काढल्याची नोंद राहिली असती, आणि तपासनीसबाईंनी ती पाहिली असती. दुरुस्ती न करता शुक्रवार उजाडला असता, तर बाईंनी पहिलेच बिल छापून पाहिले असते. साहेबांच्या पाचावर धारण बसली. कपाळ इकडून आपटा नाहीतर तिकडून, अशी गत.

मंजुरी कोण देऊ शकतो, याचाही नियम त्यांचाच होता: ज्याचा निदान एक बदल आजवर स्वीकारला गेला आहे, असा माणूस. त्यांनी यादी काढली. यादी छोटी होती. विद्यार्थ्याचा आणि बँकेतल्या गृहस्थांचा फार पूर्वी एकेक किरकोळ बदल आत गेला होता. विद्यार्थ्याने उत्तर दिले की शीर्षक पन्नास अक्षरांत बसते का ते आधी पाहावे. बँकेतल्या गृहस्थांनी आपल्याकडच्या प्रतीत ही चूक नसल्याचे नम्रपणे कळवले. बाकीच्यांनी उत्तरच दिले नाही. शेवटचे नाव मेव्हणीचे होते. मदतीच्या पानावर साहेबांचा जुना, बंद पडलेला फोन नंबर होता. तो तिने बदलून पाठवला होता, आणि साहेबांनी तेवढा एक बदल तत्काळ, एकही शंका न काढता, मंजूर केला होता.

गुरुवारी दुपारी साहेब कारखान्यातून अर्धी रजा टाकून दुकानात गेले. दुकान अरुंद होते. दोन्ही भिंतींना आरसे, त्यामुळे आत शिरणाऱ्याला आपण किती जण आहोत ते नीट दिसे. मेव्हणी काच घासायच्या मशीनपाशी उभी होती. तिने हातानेच खूण करून त्यांना बसायला सांगितले. मोकळी खुर्ची एकच होती, नजर तपासायची. समोर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. मागे टेबलावर प्रिंटरशेजारी कागदांचा गठ्ठा होता. वरच्या कागदावर फक्त साहेबांचे नाव होते, आणि नावाच्या भोवती कुणाच्या तरी चष्म्याची मापे खरडलेली होती.

“बोला भाऊजी,” ती म्हणाली. “दूरचं दिसत नाही की जवळचं?”

साहेबांनी काम सांगितले. अगदी लहानसे आहे, एक बटण दाबायचे, वाचायचीही गरज नाही, असेही सांगितले. त्यावर मेव्हणीने हात पुसले, कॉम्प्युटरसमोर बसली आणि वाचायला लागली. बराच वेळ वाचत राहिली. साहेबांनी तेवढ्यात तक्त्याची खालची ओळ दोनदा वाचली.

पहिली शंका आली की शीर्षक लांब आहे. साहेबांनी गुडघ्यावर लॅपटॉप उघडून ते आखूड केले. दुसरी आली की टेस्ट नाही. त्यांनी दोनशे पस्तीस रुपयांच्या बिलाची टेस्ट लिहिली. या दोन्ही शंका ती त्यांच्या हातभर अंतरावर बसून, तोंडाने न बोलता, लिहून पाठवत होती, आणि तेही खाली मान घालून लेखी उत्तरे देत होते. मध्ये एक गिऱ्हाईक येऊन चष्म्याची दोरी घेऊन गेले. मग मात्र तिने खुर्ची वळवली.

“हे काय लिहिलंय भाऊजी? ‘काही परिस्थितीत रक्कम जास्त दिसू शकते.’”

“तशीच पद्धत असते लिहायची.”

“काही परिस्थितीत नाही. प्रत्येक बिलात. आणि का, ते लिहिलेलंच नाही.”

साहेबांनी लिहिले की हिशेबाच्या ओळींची फेरमांडणी झाल्यामुळे असे घडले. ते वर्णनही परत आले. फेरमांडणी आपोआप झाली का, अशी शंका होती. त्यांनी आरशात पाहिले. तिथे गुडघ्यावर लॅपटॉप घेतलेले पुष्कळ चाळणीसाहेब बसले होते. शेवटी त्यांनी लिहिले, “मी रिव्ह्यू न करता बदल केला, त्यामुळे.” आजवर त्यांनी लिहिलेल्यांपैकी हे सर्वांत छोटे वर्णन होते, आणि कुणालाही त्यावर शंका काढता आली नसती.

मेव्हणीचा हात बटणावर गेला आणि थांबला.

“माझ्या बदलाचं काय करताय?”

“त्यात अजून थोडं...”

“ठेवायची असेल तर ठेवा ओळ. पण तसं लिहा. ‘माझं नाव दिसायला हवं म्हणून नाही म्हणतोय’, एवढं लिहा आणि बंद करा. मी रागावणार नाही. पण शीर्षकाचं निमित्त सांगू नका.”

साहेब म्हणाले की शनिवारी नक्की निकाल लावतो. ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. ते म्हणाले की शब्द देतो. तरी ती बघतच होती, तेव्हा घाईघाईने म्हणाले की तोवर वाया गेलेल्या कागदाचे पैसेही मीच देईन. ती हसली, गठ्ठ्याखालून कागदाच्या रिमची पावती काढून त्यांच्या हातात दिली आणि बटण दाबले.

शुक्रवारी तपासनीसबाईंचे पत्र आले. चूक तीन दिवसांच्या आत सापडली, दुसऱ्या व्यक्तीने ती कसून तपासली आणि मूळ लेखकाने कारण स्पष्ट लिहिले, याबद्दल त्यांनी विशेष समाधान व्यक्त केले होते. असे मोकळे वातावरण फार ठिकाणी दिसत नाही, असेही लिहिले होते. प्रोग्राम मंजूर झाला. साहेबांनी पत्र बायकोला वाचून दाखवले. मोकळ्या वातावरणापाशी आल्यावर बायको उठून गॅस बंद करायला गेली.

शनिवारी संध्याकाळी साहेबांनी मेव्हणीचा बदल खरोखर उघडला. खरे कारण लिहायला घेतले. ‘माझे’ हा शब्द लिहिला, खोडला. ओळ काढून कसे दिसते तेही करून पाहिले. बिल एकाच कागदावर आले, सुटसुटीत, आणि कुणीही लिहिल्यासारखे. त्यांना ते बघवेना. मंजुरीच्या बटणापर्यंत ते एकदा जाऊनही आले. तेवढ्यात वर्णनाच्या तिसऱ्या ओळीत एका शब्दानंतर दोन जागा सुटलेल्या त्यांच्या नजरेस पडल्या, आणि जिवात जीव आला. त्यांनी लिहिले, “कृपया पाहावे.”

ऑगस्टपर्यंत अठ्ठावीसही दवाखान्यांत प्रोग्राम सुरू झाला. एका दवाखान्याच्या कारकुनाने मुद्दाम आभार कळवले. बिलाबरोबर जो जवळजवळ कोरा कागद निघतो, तो औषधाच्या पुड्या बांधायला फार उपयोगी पडतो, म्हणाला. लोक घरी घेऊन जातात. साहेबांनी हे कारखान्यात सांगितले, पण निम्मेच. नाव घरोघरी पोचले आहे, एवढे.

मेव्हणीने त्या दोन जागा त्याच दिवशी दुरुस्त केल्या. तिचा बदल रिव्ह्यूसाठी उघडा आहे. कागदाच्या रिमची पावती चाळणीसाहेबांच्या पाकिटात आहे. तिचे दोनशे पंच्याऐंशी रुपये अजून द्यायचे बाकी आहेत.