कोपऱ्यातलं स्टूल

आमच्या कोलशेतच्या कंपनीला कामगारांच्या आरोग्याचं सर्टिफिकेट हवं होतं, म्हणून नव्वदच्या दशकात एक तपासनीस आलेले. त्यांचा चेहरा मी विसरलो. उजवा तळहात तेवढा आठवतो.

तपासणीच्या दिवशी ठेकेदाराची माणसं दिसू द्यायची नाहीत, ही आमच्याकडची रीत. साहेब गेटवर आले तशी पॅकिंगची माणसं मागच्या दाराने खाडीकडे गेली. साहेब आत आले. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा ते एकेका रिकाम्या स्टुलावर तळहात ठेवत चालले.

"ऊब आहे अजून. माणसं कुठे गेली?"

"जेवायला गेलीत, साहेब," सुपरवायझर म्हणाला.

कोपऱ्यातलं स्टूल ठेकेदाराकडच्या एका कोळ्याचं होतं. तो एकटाच बडबडायला लागला तेव्हा त्याची बायको कंपनीच्या डॉक्टरसाठी गेटवर आलेली. डॉक्टर फक्त परमनंटवाल्यांना, असं सांगून तिला परत पाठवलं. पुढे होळीच्या सुमारास तो खाडीत सापडला. तेव्हापासून त्या स्टुलावर कोणी बसलं नव्हतं. त्यावर धुळीचा थर होता.

साहेबांनी त्या धुळीवर तळहात बराच वेळ ठेवला.

"हा तर आत्ताच उठलाय," ते म्हणाले.

सर्टिफिकेट मिळालं, ऑफिसात फ्रेम करून लागलं. झाडणारी बाई मात्र ते स्टूल सोडून झाडायची. एकदा मी ऑफिसातून येऊन तिला हटकलं.

"तुम्हीच उचला ना, साहेब," ती म्हणाली.

मी हात पुढे केला. स्टुलाला बोट लागायच्या आधीच ऊब लागली.