मागून येणारे बूट

संध्याकाळी एकटी चालताना मागून बुटांचा आवाज आला की कुणीही बाई भरभर पाऊल उचलते. मला मात्र अजून डोळे मिटावेसे वाटतात, इतकं निवांत वाटतं. हे खूळ बारावीनंतरच्या पावसाळ्यातलं.

बाबा मुदखेडला रेल्वेत होते. रोज रुळाच्या कडेनं चालत जायचं आणि कुठं रूळ धरून ठेवणारी चावी सैल दिसली की हातोडीनं ठोकून बसवायची, हे त्यांचं काम. स्वतः चालून बघितल्याशिवाय त्यांचा कशावरही भरवसा नसे. माझं कॉलेजही ते तसंच तपासणार होते.

लातूरचं कॉलेज महागडं. वसतिगृह, उंच भिंत, जागोजागी कॅमेरे. त्यासाठी सोसायटीचं कर्ज काढावं लागणार, आणि बाबांची नोकरी थोडीच उरलेली. नांदेडचं स्वस्त, रेल्वेच्या पासावर रोज जाऊन येण्याजोगं. पण प्रॅक्टिकल संपेपर्यंत अंधार पडायचा. आई म्हणायची, "पैशाकडं बघू नका. पोरगी सुखरूप घरी आली पाहिजे." दोन्ही पसंत पडली नाहीत तर शिक्षण बंद आणि स्थळं बघायची, हेही घरात ठरून गेलं होतं. त्या धास्तीनं मला घास जात नव्हता.

आधी लातूर झालं. वसतिगृहाच्या एका खोलीच्या खिडकीत गुलमोहराची फांदी आली होती. मी मनातल्या मनात तिथं राहायलाही गेले. संध्याकाळी फाटकाबाहेर पडल्यावर बाबा म्हणाले, "तू म्होरं चाल. वळून बघू नको. मी अनोळखी माणूस हाय असं समज."

मी चालू लागले. शिकवणीची पोरंपोरी पाठीवर बॅगा घेऊन लगबगीनं बाजूनं जात होती, दिवे ओल्या रस्त्यावर पसरले होते, आणि मागं बाबांचे जाड बूट, टक् टक्. स्टँड कधी आला कळलंही नाही.  परतीच्या बसमध्ये बाबांनी कॉलेजचं माहितीपत्रक घडी घालून पिशवीच्या तळाशी सारलं.

मग नांदेड. कॉलेजची भिंत एका जागी पडलेली, फाटकावरच्या वॉचमनची खुर्ची रिकामी. बाबांचा चेहरा बघून मला वाटलं, हेही गेलं. तरी त्यांनी हातानंच खुणावलं, चाल.

आभाळ जांभळं झालं होतं. भाजलेल्या कणसांचा वास येत होता. कडुनिंबाखालून मी झोपेत चालावं तशी चालले होते आणि मनात एकच घोकत होते, इथं तरी जमू दे. अचानक बूट थांबले.

वळून बघू नको म्हटलं होतं, तरी वळले. कणसं भाजणारी बाई हातात निखाऱ्यांना वारा घालायचा विंझणा घेऊन बाबांसमोर उभी होती. दोन पोरींनी स्कूटी त्यांच्या पुढ्यात आडवी घातली होती.

"ओ काका, मघापासनं बघून राहिले मी. त्या पोरीच्या मागं मागं का चालून राहिले?"

बाबांनी चटकन सांगून टाकायचं की नाही? पण ते तिच्याकडं नुसते बघत राहिले.

"बोला की! का पोलिसाला बोलवू?"

"पोरगी हाय माझी," बाबा हळूच म्हणाले.

"समदे असंच म्हणतात." तिनं मला हाक मारली. "ए बाय, ह्यो कोण तुझा?"

बाबा अनोळखी आहेत असं समजायचं होतं. क्षणभर मला खट्याळपणा सुचलाही. पण त्यांचे डोळे भरलेले दिसले आणि मी म्हणाले, "बाबा हायत माझे."

बाई ओशाळली. तिनं त्यांना बसायला पत्र्याचा उपडा डबा दिला, लिंबू-मीठ चोळून कणीस दिलं. बाबा तिथं बसून सावकाश दाणे खात राहिले.

"लातुरात स्टँडपतूर तुझ्या मागं आलो," ते मला म्हणाले, "कुणी हटकलं न्हाई." मग बोट उगारून बजावलं, "इथंच नाव घालू तुझं. स्वस्त हाय म्हणून न्हाई, हां."

घरी आईनं दारातच विचारलं, "तिथं कॅमेरे हायत का?"

बाबा बूट काढत म्हणाले, "हाय की एक. कणसं भाजून राहिला व्हता."