तोफेपासून कमांडपर्यंतचा तक्ता

नोव्हेंबरमधला तिसरा रविवार, सकाळ. जागा: दिघीतलं आमचं घर. हजर: मी, नवरा, सासूबाई आणि शेजारचे निवृत्त सुभेदार. गैरहजर: मुलगा. तो तोफखान्यात आहे, सध्या उत्तरेकडच्या डोंगरात. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. गेल्या रविवारी आला नव्हता आणि आजही चहाचे दोन राउंड होऊन गेले होते.

चाकणच्या ज्या कारखान्यात मी प्लॅनिंग बघते, तिथे खांबाखांबावर एक तक्ता लावलेला असतो. लाइन बंद पडली की आधी सुपरवायझरला फोन. त्याने उचलला नाही तर शिफ्ट इंजिनिअर, मग मॅनेजर, शेवटी प्लँट हेड. घाबरलेल्या माणसाचंही बोट त्यावरून वर सरकत जातं आणि काम होतं. म्हणून शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मी लष्कराचा तसाच तक्ता बनवला. खालून वर: तोफ, बॅटरी म्हणजे तोफांची तुकडी, मग रेजिमेंट, ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर आणि सगळ्यांच्या डोक्यावर कमांड. प्रत्येक चौकटीत हुद्दा लिहिला. नंबरांची जागा मोकळी ठेवली. ते सुभेदारांकडून घ्यायचे होते.

त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. पेन मागून घेतलं आणि चौकटींच्या बाजूला रेघा काढल्या: रसद, वर्कशॉप, दवाखाना, सिग्नल. "वहिनी, कमांड म्हणजे नुसत्या तोफा आणि रायफली नव्हेत. पीठ, डिझेल, सुटे भाग, डॉक्टर, सगळं. अख्खा मुलूख एका माणसाच्या हाताखाली असतो."

"म्हणजे आमचं स्टोअर आणि मेंटेनन्स," मी म्हटलं. "बरं, नंबर सांगा."

सासूबाई मटार सोलत होत्या. "आन् माजं पोरगं कुटं हाय ह्यात?"

"सगळ्यात खाली, मावशी. तोफेपाशी."

"येवढं सायेब डोक्यावर, आन् घरी फोन लावाया एकालाबी जमंना व्हय?"

नवरा हसला. मी हसले नाही. मी उठून मोबाईल चार्जिंगवरून काढला, बघितला, परत लावला.

सुभेदारांनी कागद माझ्याकडे सरकवला. "तक्ता बरोबर आहे, पण हा आईने वर चढायचा जिना नाही. समजा, तुम्ही वर फोन लावलात. कमांड कोअरला विचारणार, कोअर डिव्हिजनला, असं करत करत शेवटी तोफेवरचा हवालदार तुमच्याच पोराला विचारणार, काय रे, मम्मीने लावला का फोन? मग बदली होईपर्यंत पोराचं नाव मम्मी."

"आणि खरंच काही झालं असेल तर?"

"तर तुम्हाला फोन करावाच लागत नाही. युनिटच करतं."

त्यांनी हे मला धीर देण्यासाठी सांगितलं. माझं मात्र उलटंच झालं. त्या मिनिटापासून फोन न येण्याइतकीच फोन येण्याचीही धास्ती बसली. दुपारी गॅसवाल्याचा अनोळखी नंबर आला तेव्हा हातातली पळी खाली पडली.

त्याआधी सकाळी निघताना सुभेदारांनी तक्त्याच्या तळाशी, तोफेच्याही खाली, दोन छोट्या चौकटी काढल्या. "ही राहिली होती. जोडी. पहाऱ्याला, जेवायला, आजारपणात, दोघं एकमेकांना धरून. एकात तुमचा पोरगा. दुसऱ्यात कोण, ते त्याला विचारा. आणि त्याच्या घरचा नंबर घ्या. तिथे फोन करायला कुणाची परवानगी लागत नाही."

बुधवारी कंपनीच्या बसमध्ये, मोशीच्या ट्रॅफिकमध्ये, मुलाचा फोन आला. "मम्मी, वरच्या चौकीवर होतो, नेटवर्क नव्हतं. सगळं ओके." मागे वारा वाजत होता. मी आधी जोडीदाराचं विचारलं. तो चकित झाला. "तुला कोण सांगतं गं हे सगळं?" मग म्हणाला, जोडीदार बेळगावच्या पलीकडचा आहे, त्याची आई फक्त कन्नड बोलते. संध्याकाळी नंबर आला.

आमच्या पॅकिंगमध्ये एक कन्नड बोलणारी बाई आहे. तिच्याकडून चार वाक्यं देवनागरीत लिहून घेतली: मी अमुकची आई. तुमचा मुलगा आणि माझा मुलगा बरोबर असतात. तुम्हाला फोन आला का? मला आला की मी कळवीन. बसमध्ये पुटपुटत पाठ केली. तिसरं वाक्य म्हणताना मी दर वेळी अडखळते.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ते दोघं बरोबरच वर गेले असणार, म्हणजे तिच्याकडेही शांतताच असणार. ती कदाचित शेतात असेल, तिला रविवारचं काही वाटतही नसेल, आणि मी विचारलं की वाटायला लागेल. किंवा ती माझ्यासारखीच मोबाईल काढून बघून परत लावत असेल. नंबर डायल करते आणि रिंग वाजायच्या आत कापते.

सासूबाई रोज विचारतात, "लावला का त्या बाईला?" तक्ता फ्रिजवर चिकटवलाय. वरच्या चौकटी मी खोडून टाकल्यात. तळाच्या दुसऱ्या चौकटीत नंबर आहे, आणि त्याच्यासमोर टिक करायची जागा अजून रिकामी आहे.