बोटाखाली कुणाची नाडी

घरात दोघी बहिणी, म्हणून एक थोरली आणि एक धाकटी. केस पांढरे झाले तरी धाकटी ती धाकटीच राहिली. ती इस्पितळात नर्स. बुजलेल्या रक्तवाहिन्यांच्या वॉर्डात तिची उभी हयात गेली. माणसांचे चेहरे विसरायची, पण एकदा पाहिलेलं पाऊल विसरायची नाही.

तिची रीत ठरलेली होती. दोन्ही पाय उघडे करून शेजारी ठेवायचे आणि रंग बघायचा. मग हाताची मागची बाजू लावून कुठला गार, कुठला कोमट ते पाहायचं. अंगठ्याचं नख दाबून सोडायचं, पांढरं पडलेलं किती लवकर लाल होतं ते बघायचं. शेवटी पावलावर बोटं ठेवून नाडी शोधायची आणि सापडली की तिथे पेनानं फुली मारायची, म्हणजे पुढच्या पाळीवालीला चाचपडायला नको. बोटाला नाहीच लागली तर नाडीचा आवाज ऐकवणारं छोटं यंत्र कपाटात होतं. धाकटीनं ते फारसं काढलं नाही. ते नव्या मुलींसाठी, असं म्हणायची, आणि म्हणताना नाक जरा वर जायचं.

थोरलीचं दुखणंही तिनंच ओळखलं. थोरली चालता चालता दुकानांच्या काचांपुढे थांबायला लागली होती. शेजारणींना वाटलं, बाईला म्हातारपणी खरेदीचा सोस लागला. पण एकदा ती कुलपांच्या दुकानापुढे बराच वेळ उभी राहिली, तेव्हा धाकटीच्या मनात पाल चुकचुकली. कुलपांत बघण्यासारखं असतं काय? पोटरी भरून यायची म्हणून थोरली थांबत होती आणि कबूल करत नव्हती, एवढंच.

ऑपरेशन झालं. रक्ताला नवी वाट करून दिली. ती वाट उघडी राहिली तर पाय राहणार, बुजली आणि वेळेवर कळलं नाही तर पाय जाणार.

घरच्या माणसाला घरच्यानं तपासू नये, असं वॉर्डच्या मुख्य बाईंनी बजावलं होतं. थोरलीनं ते उडवून लावलं. आईमागे या पोरीला मीच न्हाऊमाखू घातलं, आता माझ्या पायाला परक्यांचे हात कशाला, असं तिचं म्हणणं. वर धाकटीला ऐकवलं, "जन्मात कधी माझं ऐकलं नाहीस. आता बस तासातासाला पाय धरत."

दुसऱ्या दिवशी दुपारी लिफ्ट बंद पडली. धाकटी जेवून जिने चढत वर आली आणि तशीच थोरलीच्या पायाशी बसली. पाऊल किंचित गार लागलं. खोलीच गार आहे, असं तिनं मनाशी ठरवलं. नखाचा रंग सावकाश आला, तेही तिनं गारठ्यावर ढकललं. फुलीवर बोटं ठेवली. काही नाही. जरा दाबून धरली आणि लागली, चांगली ठणठणीत.

"आहे," ती म्हणाली. थोरलीनं सुटकेनं डोळे मिटले.

मग धाकटीनं तिचं मनगट धरलं. तिथली नाडी आपली संथ, जेवण झाल्यावर आडवं झालेल्या माणसाची. पावलातली तर मघाशी धावत होती. एकाच अंगात दोन चाली कशा असतील? धाकटीनं हळूच स्वतःच्या गळ्याला बोट लावलं. धावणारी तिथे होती. जिने चढून आलेलं तिचंच रक्त बोटांच्या टोकाशी ठोके देत होतं. जोरात दाबलंत तर स्वतःचीच नाडी लागेल, हे नव्या मुलींना पहिल्या दिवशी तीच सांगायची.

पुन्हा बघू तासाभरानं, असं म्हणून सावरून घेता आलं असतं. ती उठली आणि मुख्य बाईंना बोलावून आणलं.

"मला लागत नाही. मघाशी लागली ती माझी होती. तुम्ही बघा."

मुख्य बाईंनी फुलीवर बोटं ठेवून पाहिली. मग कपाटातलं यंत्र काढलं. त्यातून नुसती खरखर आली. थोड्याच वेळात थोरलीला परत आत नेलं, अडकलेली गुठळी काढली. पाय राहिला. करंगळी काळी पडून गेली, पण थोरलीनं तिचं फार मनावर घेतलं नाही. चपलेत तिचा जाचच होता, म्हणाली.

पुढे इस्पितळात थोरलीचा पाय मुख्य बाईच बघत. घरी मात्र धाकटीच बघते. पावलावर बोटं ठेवली की थोरली उशीवरून विचारते, "कुणाची लागली?"

धाकटी लगेच उत्तर देत नाही. मनगट धरते, गळ्याला बोट लावते, दोन्हीकडच्या चाली नीट ऐकते आणि मग सांगते.