आफ्रिकेतल्या खुनाचा पंचनामा

सासऱ्यांचं मांडीचं हाड मोडलं तेव्हा आणीबाणी उठून एखाद-दोन वर्षं झाली असतील. बैलबंडीतून उतरताना पाय सटकला. वीस वर्षं गावचा पोलीस पाटील राहिलेला हा माणूस ओसरीतल्या खाटेवर आडवा पडला आणि सगळ्या घराचे जबाब घेऊ लागला. दूध उशिरा का आलं, दारात कोण खाकरलं, कुत्रं कुणावर भुंकलं. मी शाळेत इंग्रजी शिकवायची. उन्हाळ्याची सुट्टी होती, त्यामुळं दुपारची ड्यूटी आपसूक माझ्या गळ्यात पडली.

माझा भाऊ तेव्हा आफ्रिकेत गणिताचा मास्तर होता. तिकडच्या लेखकांच्या पाच-सहा स्वस्त इंग्रजी रहस्यकथा त्यानं मला आणून दिल्या होत्या. त्यातल्या एकीत नुकताच भरती झालेला एक तरुण डिटेक्टिव्ह होता. नदीकाठच्या गावात एका दुकानदाराचा खून होतो, पोलीस एका कोळ्याला धरतात आणि या पोराला तपासाला पाठवतात. जेवणं झाली की मी रोज एक प्रकरण मराठीत सांगायची.

"एवढंसं पोट्टं खुनाचा तपास करून राह्यलं?" असं पहिल्या दिवशी म्हणणारे सासरे तिसऱ्या दिवशी माझी वाट बघू लागले. त्यांची तक्रार एकच होती.

"पंचनाम्यावर पंच कोन होते?"

"मामाजी, तिकडं पंच नसतात."

"जप्तीच्या वक्ताले दोन मानसं नाई पाह्यजे काय? मंग हा तपासच खोटा." आणि भिंतीकडे तोंड.

दुसऱ्या दिवशी मी दोन पंच घातले. एक नदीवरचा नावाडी आणि एक गावचा म्हातारा मुखिया. मुखिया पुस्तकात होताच, त्याला फक्त सही करायला लावली. कोळ्याच्या झोपडीत रक्ताचा सुरा सापडला त्या कागदावर. मला यात काही वाईट वाटलं नाही. लेखक बिचारा फार लांब होता.

ऐकणारा आणखी एक जण होता, गावचा वाढई. आमच्याकडं सुताराला वाढई म्हणतात. तो अंगणात निंबाखाली बसून सासऱ्यांसाठी कुबड्या करत होता. वयानं सासऱ्यांच्या बरोबरीचा, कमी बोलणारा. तो माप घ्यायला खाटेजवळ आला की सासरे छताकडं बघत. मला तो पाटीलकीचा ताठा वाटायचा आणि रागही यायचा.

त्या दुपारी गोष्ट अशा ठिकाणी आली की पोराला कोळी निर्दोष वाटू लागतो. पुस्तकात तो नदीकाठी बसून विचार करतो, पानभर. मला ते पान कंटाळवाणं वाटलं, म्हणून मी त्याला उठवून मुखियाच्या दारात उभं केलं. तो विचारतो, "आजोबा, सही तुमची आहे. पण त्या दिवशी तुम्ही त्या झोपडीत गेला होता का?"

अंगणातला रंधा थांबला.

 सासरे म्हणाले, "म्हातारा काय म्हनला?"

खोटं रेटावंसं वाटलं नाही. "हे पुस्तकात नाही मामाजी. मीच घातलं."

"मंग मीच सांगतो." ते कोपरावर उठले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ निंबाखाली बघितलं. "मी गेलो नोतो. ठाण्यातला जमादार कागद घेऊन चावडीवर आला. म्हने, वाढयाच्या घरून चोरीची घागर निघाली, सही करा. पाऊस लागून होता. मी बसल्या जागी सही केली. 'पंचांसमक्ष घरात शिरून डाव्या भिंतीच्या कोनाड्यातून पितळी घागर जप्त केली.' आजबी पाठ हाये मले."

त्या कागदावर वाढयाला दीड वर्षाची कैद झाली होती. लग्न होऊन सहा वर्षं या घरात राहूनही मला हे कुणी सांगितलं नव्हतं.  मी गंमत म्हणून एक प्रश्न घातला होता.

वाढयानं रंध्यात अडकलेला भुसा काढला. "मले मालूम हाये, पाटील. माह्या घरात तुमी आजलोक पाय ठेवला नाई."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. मग त्यानं मला विचारलं, "बाई, त्या पोट्ट्यानं कोळ्याले सोडवलं काय?"

मी सगळं पुस्तक आधीच वाचलेलं होतं. शेवटी खरा खुनी सापडतो, पोराला बढती मिळते. मधल्या पानांनंतर कोळ्याचं नाव कुठंच येत नाही. दोन पंच घालणाऱ्या मला एक सुटका घालणं जड नव्हतं, पण त्याच्याकडं बघून ते जमेना.

"त्याचं पुढं काही लिहिलंच नाही," मी म्हणाले.

"नाईच लेहत," तो म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.

कुबड्या चांगल्या झाल्या, काखेत बोचू नये म्हणून त्यानं वर जुनं धोतरही गुंडाळून दिलं. प्लास्टर निघाल्यावर सासरे अंगणात चार दिवस शिकले. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी टोपी घातली आणि मला सोबत चलायला सांगितलं. गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचायला आम्हाला अर्धा तास लागला. लोक ओट्यांवरून बघत होते.

वाढई दारातच बसला होता. सासऱ्यांनी विचारलं, "अंदर येऊ काय?"

तो बाजूला सरकला. सासरे वाकून आत गेले, मी मागून. एकच खोली होती. तुराट्यांच्या कुडाच्या भिंती, त्यावर शेणामातीचं पातळ लिंपण. सासरे डाव्या भिंतीपाशी गेले. एक कुबडी माझ्याकडं दिली आणि मोकळ्या हातानं ती भिंत वरपासून खालपर्यंत चाचपली, मग या टोकापासून त्या टोकापर्यंत. लिंपणाखालच्या तुराट्या करकरल्या. भिंतीची जाडी चार बोटंसुद्धा नव्हती.

कुडाच्या भिंतीत कोनाडा होत नाही. एवढं बघायला त्या दिवशी त्यांनी फक्त आत यायला हवं होतं.