खाटेच्या मापाचे घर

दौलत गेल्याचा निरोप मला शाळेच्या फाटकाशी मिळाला. बांबू भरून चाललेल्या ट्रकचा क्लीनर खाली उतरला, डोक्याचे फडके काढून म्हणाला, "मास्तर, तुमचा भाऊ गेला जी. कावीळ होती म्हनते." आणि ट्रक पुढे निघून गेला. गेलेल्या माणसाविषयी लिहिताना लोक पहिल्या ओळीत डोळ्यांतले पाणी लिहितात. मी खोटे लिहिणार नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आले नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता बाबा माझ्याकडे येतील.

दौलत माझा चुलतभाऊ, माझ्याहून दीड वर्षाने लहान. त्याचे आईबाप एकाच साथीत गेले तेव्हा बाबांनी त्याला आमच्या गावी आणले. धानोऱ्याच्या वाटेवरचे आमचे गाव, पाचपन्नास घरांचे, आणि त्यात सुताराचे घर एकच, आमचे. माझी आई मी लहान असतानाच वारली होती, म्हणून घरात बाबा आणि आम्ही दोघे. बाबांनी दोघांच्या हातात एकाच दिवशी लाकूड तासायचा वाकस दिला. माझा हात त्यात रमला नाही. आठवड्याच्या बाजारात एक प्रचारक पत्रके वाटीत असे, ती मी जमवायचो, सुतळीने शिवायचो आणि भुशाच्या ढिगावर बसून वाचायचो. जमीन कोणाची, घाम कोणाचा, माणसाला माणूस म्हणून जगण्याचा हक्क कोणी नाकारला... मला जे काही शहाणपण आले ते त्या पिवळ्या कागदांतून आले, आणि त्याची मला लाज नाही. गिऱ्हाईक आले की बाबा दौलतने केलेला सांधा पुढे करायचे आणि म्हणायचे, "पाहा, यात केस जात नाई." मग गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचे आणि बाबा म्हणायचे, "हा वाचते." दोनच शब्द. आज मी सत्तावीस वर्षांचा आहे आणि ते दोन शब्द मला अजून टोचतात.

मी नागपुरास शिकायला गेलो त्या काळात आमच्या जुन्या घराचे खांब उधईने पोखरले आणि घर नव्याने बांधायची वेळ आली. ते दौलतने बांधले. आमच्या झाडीपट्टीत घर खांबांवर उभे असते. छपराच्या कवेलूंचा भार मयालींवर म्हणजे आडव्या तुळयांवर, मयालींचा खांबांवर. भिंती म्हणजे बांबूचे तट्टे, खांबांना वाखाच्या दोऱ्यांनी बांधलेले आणि शेणामातीने लिंपलेले. भिंत काही उचलत नाही, नुसती आड येते. हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे, पण त्यातून काय निघते हे दौलतला दिसले. त्याने खांब नेहमीपेक्षा जाड घेतले आणि प्रत्येक खांबाला चारही अंगांनी खाचा पाडल्या, गुडघ्याच्या उंचीवर एक, डोक्याच्या उंचीवर एक. आडवा बांबू कोणत्याही खाचेत बसवायचा, त्याला तट्टा बांधायचा, लिंपायचे. उद्या भिंत नको झाली तर माती भिजवून झाडायची, वाख कापायचा, आणि दोघांनी तट्टा उचलून दुसऱ्या खांबांना नेऊन बांधायचा. सकाळी सुरू केले तर सांजेला नवी खोली तयार. मी सुट्टीत आलो तेव्हा बाबा त्याला रागावत होते.

"एवढ्या खाचा काऊन? उंदराले बिळं करून देऊन राह्यला का?"

"मोठेबाबा," दौलत पटाशी न थांबवता म्हणाला, "आज खांब ओला हाय, पटाशी घेते. घरात मानसं भरल्यावर वाळला खांब कोन टोकरीन? दादाची बायको येईन, माही येईन. एक खोली त्यायले, एक आमाले. मंग लेकरं. मंग तुमी म्हातारे."

"मी म्हातारा नाई होत."

"मंग तुमची खाच रिकामी राहीन," दौलत म्हणाला, आणि बाबा हसले. माझ्या कोणत्या बोलण्यावर बाबा हसल्याचे मला आठवत नाही.

पुढे आसपासच्या गावांत लोक त्याच्याकडून घरे बांधून घेऊ लागले. त्याची माप घेण्याची तऱ्हा वेगळी होती. दोरी तो नंतर काढायचा. आधी घरातल्या एकेकाला मोकळ्या जमिनीवर झोपून दाखवायला सांगायचा, बाईला जात्याशी बसून दाखवायला सांगायचा, आणि सगळ्यांच्या पुढे विचारायचा की ही पोरगी किती वर्षांत न्हातीधुती होईल, या पोराचे लग्न कधी, सासूचे गुडघे कसे आहेत. लोक चिडायचे. एकदा मी बरोबर होतो. एका जाड्या, तापट म्हाताऱ्या कास्तकाराला त्याने शांतपणे विचारले, "मामा, तुमी खाटंवर पडाल तवा तोंड कोन्या बाजूले पायजे?" म्हाताऱ्याने त्याच्या आईमाईचा उद्धार केला. दौलत तसाच उकिडवा बसून राहिला. मग म्हातारा म्हणाला, "वावराकडं ठेव. धान दिसलं पायजे." दौलतने काडीने जमिनीवर तिथे एक रेघ ओढली. मी सायकल धरून उभा होतो. मला वाटले, मी इतकी वर्षे ज्या माणसांसाठी पत्रके लिहितो, त्यांतल्या एकालाही मी हा प्रश्न विचारला नाही. हे वाटले आणि लगेच दौलतचा राग आला.

तो राग मी विचाराच्या रूपात मांडला. विचार खोटा नव्हता. मी म्हणालो, तुझ्या सरकत्या भिंती म्हणजे घरातल्या बलवानाचे राज्य. आज कर्त्याला वाटले की सुनेची भिंत पुढे, उद्या वाटले की मागे. ज्याचे घरात चालत नाही त्याची खोली पहिल्यांदा जाईल. हक्काची भिंत विटांची पाहिजे, कोणाला हलवता न येणारी. दौलतने ऐकून घेतले. त्याला वाद घालता येत नसे, किंवा घालायचा नसे. म्हणाला, "दादा, तुहं खरं हाय. म्हनून मी बायकायले इचारल्याबिगर भीत हालवत नाई." मला उत्तर हवे होते, हा मान नको होता. मी घरी जाऊन त्यावर एक पत्रक लिहिले, स्वतः नकाशा काढला आणि छापून घेतले. प्रत्येक प्रौढ माणसाला एक खोली, प्रत्येक खोलीला आतून कडी. आणि शाळेतली नोकरी लागल्यावर गडचिरोलीत त्या नकाशाबरहुकूम स्वतःचे घर बांधले. पक्क्या विटा, साप-विंचू येऊ नयेत म्हणून उंच जोते, पाच पायऱ्या, चार खोल्या. राहणारा मी एकटा. उरलेल्या तीन खोल्या मी कोणासाठी बांधल्या, असे कोणी विचारले तर मी म्हणायचो, बाबांसाठी आणि तत्त्वासाठी.

दोन वर्षांपूर्वी बाबांचे उजवे अंग लकव्याने गेले. मी त्याच दिवशी गावी गेलो आणि दौलतला म्हणालो की बाप माझा आहे, मी नेतो. दौलतने स्वतःच रेंगीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, गवत पसरले, त्यावर बाबांची खाट ठेवली आणि बैलांचे कासरे हातात घेतले. माझ्या दारात आलो. पाच पायऱ्या आम्ही कशाबशा चढलो, आणि खाट दारात अडकली. आडवी केली, तिरपी केली. खाटेवरून उतरवलेले बाबा ओट्यावर सतरंजीवर पडून बघत होते. सुताराच्या पोराने दार केले आणि खाट मोजली नव्हती. शेवटी बाबांना पोत्यासारखे उचलून आत नेले. बाबांची जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. ते म्हणाले, "मास्तर, तुह्या दाराले मानूस उभाच पायजे." अकरा दिवस बाबा त्या खोलीत होते. भिंत पक्की होती, कडी आतून होती, ती लावायला बाबांना उठता येत नव्हते. खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसायची. बाबा जेवेनासे झाले. मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचो आणि ते डोळे मिटून घ्यायचे. बाराव्या दिवशी दौलत आला. त्याला मी बोलावले नव्हते. त्याने बाबांना विचारले, "मोठेबाबा, येता का?" आणि बाबांनी डावा हात वर केला, लहान मूल उचलून घ्यायला सांगते तसा. माझ्याकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा घर बदललेले होते. दौलतने सपरीची, म्हणजे पुढच्या पडवीची, भिंत काढून एक खांब पुढे नेली होती आणि बाबांची खाट अशा जागी लावली होती की आडव्या पडल्या पडल्या अंगणातले त्याचे काम दिसावे. तट्ट्यात बाबांच्या डोळ्यांच्या रेषेत चौकोनी झरोका कापला होता. त्या झरोक्यातून बाबा दिवसभर दौलतला शिव्या देत होते. रंधा उलटा धरला, गुण्या कुठी टाकला, लाकूड रडून राह्यलं ऐकू येत नाई का. शिव्या देऊन भूक लागत होती. दौलतची बायको अनसूया मला म्हणाली, "भाऊजी, बाबा आता दोन भाकरी खाते." ती आनंदाने सांगत होती आणि मी तो आनंद तिच्या तोंडावर मारावा तसा म्हणालो की माझ्याकडे गव्हाची पोळी मिळत होती.

मी दर रविवारी जात राहिलो. बाबांना भेटायला जातो असे म्हणायचो, पण खरे तर मी पाहायला जात होतो, की एखाद्या रविवारी तरी दौलतचे काही चुकलेले दिसावे. नाही दिसले. आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला तेव्हा मी त्यावर बाबांसमोर तासभर बोललो. दौलत बाहेरून म्हणाला, "म्हंजे सरकारनं बी भीत सरकवली म्हना." बाबा खोकला येईपर्यंत हसले. माझा तास फुकट गेला. आमच्या दोघांतली शेवटची गोष्टही तशीच. त्याचे डोळे पिवळे दिसत होते, मी म्हणालो सरकारी दवाखान्यात चल, तो म्हणाला की काविळीची मुळी बांधली आहे, अनसूयाला आठवा लागला आहे, आधी तिची खोली करतो मग येतो. मी जोर केला नाही. दुसऱ्या कोणाला मी ओढून नेले असते. याला मला एकदा तरी म्हणायचे होते, बघ, मी सांगत होतो. नऊ दिवसांत तो गेला, आणि ते वाक्य माझ्याजवळच राहिले.

तेरावे झाल्यावर मी रेंगी ठरवून गावी गेलो. यावेळी मी तयारी केली होती. गवंड्याकडून दार फोडून रुंद करून घेतले होते, पायऱ्यांवर फळी टाकली होती. हे मी बाबांना सांगितले, थोड्या अभिमानानेच सांगितले. बाबा झरोक्यातून बाहेर बघत होते. अंगणात कोणी नव्हते.

"मी येत नाई," ते म्हणाले.

मी म्हणालो, आता इथे तुमचे करणारे कोण आहे. बाबा म्हणाले, "माह्यं जाऊ दे. पोरीचे दिवस भरून राह्यले. तिले आडोसा पायजे, चूल जवळ पायजे. दौलतच्यानं झालं नाई. भीत कोन सरकवीन?"

"मी माणूस लावतो."

"गावात सुताराचं घर एकच हाय, मास्तर."

मी रेंगीवाल्याला परत पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुरुवात केली. आधी अनसूयाला विचारले, कारण दौलत विचारायचा. ती संकोचाने जमिनीवर आडवी झाली, मग कुशीवर वळली, मग म्हणाली, बाळ या अंगाला राहील, सुईण या अंगाला बसेल. मी काडीने रेघ ओढली. माती भिजवून झाडली, वाख कापला, शेजारच्या एका बाईने दुसरे टोक धरले आणि तट्टा हलला. इथपर्यंत सोपे होते. गाठ मला येत नव्हती. बाबा खाटेवरून सांगत होते, वरून घे, खालून काढ, पीळ दे, अन् मी देत होतो, आणि ते म्हणत होते, सोड. मी सोडत होतो. बोटे सोलून निघाली. सातआठ वेळा सोडल्यावर मी म्हणालो की दौलतला तरी पहिल्यांदा कुठे आली असेल. बाबा म्हणाले, "आली होती." पुढे म्हणाले, "तू त्या वक्ताले वाचत होता." या वेळी त्यांच्या आवाजात खोच नव्हती. फक्त घडले ते सांगितले होते. सांजेपर्यंत भिंत उभी राहिली. थोडी कलली आहे. अनसूयाने ती तशीच लिंपली.

त्या खोलीसाठी जागा काढली ती बाबांच्या खाटेच्या बाजूने. खाट आणि भिंत यांच्यामध्ये आता एका माणसाच्या रुंदीची पट्टी उरली आहे, तिथे मी झोपतो. गडचिरोलीच्या घराला कुलूप आहे. शाळेला मी इथून सायकलने जातो. हक्काची भिंत पक्की असावी हे माझे मत मी बदललेले नाही, त्यावर वाद घालायला मी तयार आहे, फक्त ज्याच्याशी घालायचा तो उरला नाही.

पहाटे कोंबडा आरवतो तेव्हा बाबा अर्धवट झोपेत हाक मारतात. "दौलत." सुरुवातीचे काही दिवस मी म्हणायचो, बाबा, मी आहे. मग ते पाणीही मागायचे नाहीत, आणि उजाडेपर्यंत आढ्याकडे बघत राहायचे. माझा मत्सर संपला असे मी लिहिले तर ते या लेखातले पहिले खोटे होईल. अजूनही हाक त्याच्याच नावाची असते. पण आता हाक आली की मी "ओ" म्हणतो, उठतो आणि त्यांच्या पाठीखाली हात घालतो.